पडदा एकाचा, भेट घरातल्या सगळ्यांची : संग्रहालयांतील संवादी मांडण्यांची चिकित्सा

१. प्रश्न नेमका कोणता?

कुटुंबांनी संग्रहालयात यावे यासाठी काय करावे, असे विचारले की आज बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : टचस्क्रीन बसवा, हालचाल ओळखणारे कॅमेरे लावा, आभासी वास्तवाचा चष्मा ठेवा. मुले येतील आणि मुलांच्या मागून आईवडील येतील. हे उत्तर अगदीच चुकीचे नाही. उजळलेल्या पडद्याकडे मुले धावतात, हे आपण रोज पाहतो. पण या उत्तरात 'कुटुंब' या शब्दाची जागा नकळत 'मूल' हा शब्द घेतो आणि बाकीची माणसे हिशेबातून गळून पडतात.

सुटीच्या दिवशी कोणत्याही मोठ्या संग्रहालयात एखाद्या टचस्क्रीनपासून चार पावले दूर उभे राहून पाहा. एक मूल पडदा दाबत असते. त्याचे भावंड आपली पाळी कधी येते याची वाट पाहत असते. वडील मोबाइलवर फोटो काढतात. आई सगळ्यांच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत उभी असते. आजी बसायला बाक शोधते. पाच माणसांनी तिकीट काढले, पण मांडणी केली आहे ती एकासाठी.

म्हणून म्हणणे सुरुवातीलाच मांडलेले बरे. कुटुंबासाठी केलेली मांडणी किती जणांना खेचते, ही तिची खरी कसोटी नाही. तिच्यासमोर घरातली माणसे एकमेकांशी काय बोलतात, त्या बोलण्यातून ती मूळ वस्तूकडे परत वळतात का, आणि ते चालू असताना कोण गप्प राहते, ही कसोटी आहे. या पाठात आपण ही कसोटी काही प्रत्यक्ष उदाहरणांना लावून पाहू. त्यातली दोन परदेशातली आहेत आणि एक आपल्या देशातल्या विज्ञान उद्यानांतले. तंत्रज्ञान चांगले की वाईट, हा आपला विषय नाही. ते कोणासाठी काम करते, हा आपला विषय आहे.

२. खेचणे, धरून ठेवणे आणि त्यापुढचे

संग्रहालयातला प्रेक्षक कसा वागतो याचा पद्धतशीर अभ्यास नवा नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन आणि आर्थर मेल्टन यांनी १९२० आणि १९३०च्या दशकांत प्रेक्षकांच्या मागे राहून, घड्याळ लावून नोंदी केल्या. त्या परंपरेतून दोन मापे रूढ झाली. पहिले माप म्हणजे आकर्षणशक्ती : जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी किती जण थांबले. दुसरे म्हणजे धारणशक्ती : थांबलेले किती वेळ थांबले. आजही एखादी नवी मांडणी 'यशस्वी' ठरते ती बहुधा याच दोन मापांवर.

या मापांची मर्यादा ध्यानात घ्या. दोन्ही मापे एकेका माणसाची आहेत. एक मूल दहा मिनिटे पडद्याला चिकटून राहिले, तर धारणशक्ती उत्तम भरते. त्या दहा मिनिटांत उरलेले चौघे कंटाळून गेले, तर ते या मापात कुठेच दिसत नाही. जॉन फॉक आणि लिन डिअरकिंग यांनी १९९२मध्ये 'द म्युझियम एक्सपीरियन्स' या पुस्तकात संग्रहालयभेटीचे तीन संदर्भ सांगितले : व्यक्तीचा स्वतःचा, तिच्या सोबतच्या माणसांचा आणि त्या जागेचा. सोबतच्या माणसांचा संदर्भ मान्य केला की वरची दोन मापे अपुरी पडतात.

ख्रिश्चन हीथ आणि डर्क फॉम लेन या ब्रिटनमधल्या संशोधकांनी दालनांत चित्रण करून प्रेक्षकांचे वागणे बारकाईने तपासले. संगणकावर चालणाऱ्या अनेक मांडण्या 'संवादी' म्हणवल्या जातात, पण तो संवाद असतो एक माणूस आणि एक यंत्र यांच्यातला. सोबतची माणसे बघे होतात, असे त्यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. मराठीत 'संवाद' म्हटले की निदान दोन माणसे डोळ्यांसमोर येतात. यंत्राने बोटाला प्रतिसाद दिला म्हणून आपण त्याला संवादी म्हणू लागलो, आणि शब्दाच्या या सैलपणाचा परिणाम आराखड्यांवर झाला.

३. क्लीव्हलंड : चाळीस फुटांची भिंत आणि एक पुतळा

आता एक गाजलेले उदाहरण पाहू. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड कलासंग्रहालयाने जानेवारी २०१३मध्ये 'गॅलरी वन' हे दालन उघडले. या संग्रहालयाच्या कायम संग्रहाला प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे कुटुंबांनी न येण्याचे कारण तिकीट हे नव्हते. कारण वेगळे होते. कलासंग्रहालय म्हणजे हळू बोलायची, हात लावायचा नाही आणि आपल्याला काही कळणार नाही अशी जागा, ही धास्ती घालवायची होती.

दालनात एक सुमारे चाळीस फूट लांबीची टचस्क्रीनची भिंत होती. संग्रहातल्या चार हजारांहून अधिक कलाकृतींच्या प्रतिमा तीवर दिसत. आवडलेली प्रतिमा आपल्या आयपॅडवर घ्यायची आणि तिच्या आधारे प्रत्यक्ष कलाकृती शोधत निघायचे, अशी कल्पना होती. लहान मुलांसाठी वेगळा भाग होता. त्यात मूल पडद्यावर बोटाने एक रेघ काढी आणि तशीच रेघ असलेली संग्रहातली कलाकृती समोर येई. दुसरीकडे मूळ शिल्पांजवळ कॅमेरा लावलेला होता. शिल्पासारखी मुद्रा करून उभे राहायचे, आणि ती किती जुळली हे यंत्र सांगे.

या तिन्ही मांडण्यांना आपली कसोटी लावू.

मोठी भिंत खेचते, यात शंका नाही. तिच्यासमोर एका वेळी अनेक जण उभे राहू शकतात. पण अनेकांनी शेजारी शेजारी उभे राहणे आणि एकत्र काही करणे यांत फरक आहे. रेल्वेच्या डब्यातही माणसे शेजारी असतात. भिंतीवर प्रत्येक जण आपापल्या समोरच्या चौकोनात गुंततो आणि शेजारच्याने काय निवडले हे पाहायचे त्याला काही कारण उरत नाही. शिवाय चार हजार पर्यायांतला कोणताही एक दुसऱ्यापेक्षा महत्त्वाचा दिसत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्सप्लोरेटोरियम' या विज्ञानसंग्रहालयातल्या स्यू अॅलन आणि जोशुआ गटविल यांनी २००४मध्ये संवादी मांडण्यांमधल्या पाच नेहमीच्या चुका सांगितल्या. अनेक पर्याय सारख्याच ठळकपणे पुढे केले की प्रेक्षक गोंधळतो, ही त्यातलीच एक.

रेघेची मांडणी याहून सरस आहे. मूल स्वतः काही करते, आणि त्याच्या साध्या रेघेला एखाद्या प्राचीन पात्राची कड किंवा एखाद्या चित्रातली लाट उत्तर देते. 'ही बघ, तुझ्यासारखीच रेघ' असे म्हणायला मोठ्या माणसाला जागा मिळते. मात्र ते म्हणणे त्याच्यावर सोडलेले आहे. मांडणी त्याला तसे करायला भाग पाडत नाही.

मुद्रेची मांडणी तिन्हींत उत्तम, आणि तिच्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग म्हणजे यंत्राने दिलेले गुण. मुलगी शिल्पासारखी उभी राहते. वडील म्हणतात, 'डावा हात जरा वर घे.' भाऊ म्हणतो, 'नाही, मान वाकडी आहे त्याची.' हे सांगण्यासाठी दोघांनाही पुन्हा पुन्हा शिल्पाकडे पाहावे लागते. एरवी ज्या पुतळ्यासमोरून हे कुटुंब न थांबता पुढे गेले असते, त्याच्या खांद्याचा कोन आणि शरीराचा तोल ते आता बारकाईने पाहत आहे. यंत्राने इथे काही शिकवले नाही. त्याने घरातल्या माणसांना पाहण्याचे निमित्त दिले.

म्हणूनच या दालनाचा पुढचा प्रवास बोलका आहे. २०१७मध्ये त्याचे रूप बदलले. टचस्क्रीनचे खांब गेले आणि शरीराची हालचाल ओळखणारी, भिंतीवर प्रक्षेपित होणारी रचना आली. हात पडद्यावरून सुटला की मान वर होते, आणि मान वर झाली की समोरची वस्तू दिसते. पहिल्या आवृत्तीत वस्तू आणि पडदा यांची प्रेक्षकाच्या नजरेसाठी चढाओढ होती. दुसऱ्या आवृत्तीने ती मिटवण्याचा प्रयत्न केला. पण या सुधारणेचा दुसरा अर्थही विसरू नका. इतके गाजलेले दालन चार वर्षांत मोठ्या प्रमाणावर पुन्हा बांधावे लागले. श्रीमंत संग्रहालयाला ते परवडते. अनुदानावर चालणाऱ्या संग्रहालयाला परवडत नाही, आणि तिथे पडद्यावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी वर्षानुवर्षे डकवलेली राहते.

४. लंडन : एका मृत तरुणाभोवती जमलेले टेबल

पडद्याने वस्तूशी स्पर्धा न करता तिची सेवा केली, असे उदाहरण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सापडते. तिथे इजिप्तमधल्या गेबेलाइन इथला एक मृतदेह अनेक दशके प्रदर्शित आहे. इसवी सनापूर्वी सुमारे ३५०० वर्षे या काळातला हा माणूस. कोरड्या गरम वाळूत तो आपोआप टिकला. २०१२मध्ये त्याचे सीटी स्कॅन झाले. त्या प्रतिमांवर आधारलेले एक टचस्क्रीनचे टेबल दालनात ठेवण्यात आले. टेबलावर बोट फिरवले की त्वचेखालचे स्नायू आणि मग हाडे दिसत. तपासणीतून कळले की हा माणूस तरुण होता, विशीच्या आसपासचा, आणि पाठीत, डाव्या खांद्याच्या फऱ्याजवळ, भोसकले गेल्याने तो मेला.

हे टेबल क्लीव्हलंडच्या भिंतीपेक्षा खूप लहान आहे. तरी कुटुंबासाठी ते अधिक काम करते, आणि त्याची कारणे तपासण्यासारखी आहेत. पहिले असे की तंत्रज्ञान इथे असे काही दाखवते जे डोळ्याला दिसूच शकत नाही. हे काम फलकावरच्या मजकुरानेही झाले नसते. दुसरे, प्रश्न एकच आहे आणि तो सगळ्यांना आपोआप पडतो : हा कसा मेला? सात वर्षांच्या मुलालाही तो पडतो आणि सत्तर वर्षांच्या आजोबांनाही. तिसरे, टेबल आडवे असल्याने माणसे त्याच्याभोवती उभी राहतात आणि एकमेकांचे चेहरे पाहू शकतात. चौथे, उत्तर सापडल्यावर खऱ्या शरीराकडे पुन्हा जाऊन पाहण्याची ओढ उरते.

एक आक्षेपही नोंदवायला हवा. मृतदेह हा मुलांच्या खेळाचा विषय व्हावा का? बोटाच्या एका फटकाऱ्याने कोणाची तरी त्वचा बाजूला सारण्यात एक प्रकारचा निर्विकारपणा शिकवला जातो, असे कोणी म्हटले तर ते झटकून टाकण्यासारखे नाही. चांगली मांडणी कुटुंबाला बोलते करते, आणि त्या बोलण्यात असा प्रश्न यायला वाव असला पाहिजे. ज्या घरातल्या कोणी तरी टेबलापाशी 'आपण हे असे पाहावे का?' असे विचारले, त्या घराची भेट वाया गेली असे मी म्हणणार नाही.

५. सात निकष आणि त्यांतले न्यून

आतापर्यंत आपण उदाहरणांवरून गुण शोधले. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया आणि कॅम्डेन या शेजारच्या शहरांतल्या चार संस्थांनी, म्हणजे एक विज्ञानसंग्रहालय, एक निसर्गविज्ञान संस्था, एक प्राणिसंग्रहालय आणि एक मत्स्यालय यांनी, १९९०च्या दशकात एकत्र येऊन हेच काम पद्धतशीरपणे केले. मिंडा बोरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबाला शिकायला मदत करणाऱ्या मांडणीची सात लक्षणे नोंदवली :

• तिच्याभोवती अनेक बाजूंनी जमता येते.
• एकाच वेळी अनेकांचे हात चालू शकतात.
• लहान आणि मोठे दोघांनाही ती सोयीने वापरता येते.
• तिच्यातून एकाहून अधिक गोष्टी घडतात, म्हणून चर्चेला जागा राहते.
• वेगवेगळ्या पद्धतीने शिकणाऱ्यांना आणि कमी-अधिक माहिती असणाऱ्यांना ती सामावून घेते.
• मजकूर लहान, सहज वाचता येईल अशा तुकड्यांत असतो.
• प्रेक्षकांच्या अनुभवाशी आणि आधीच्या माहितीशी तिचा संबंध जुळतो.

ही यादी पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवण्यासाठी नाही. ती हातात घेऊन तुमच्या गावातल्या संग्रहालयात जा. पण तिच्यातल्या दोन अडचणी आधी समजून घ्या. पहिली अंतर्गत आहे. 'अनेकांचे हात' हे लक्षण आंधळेपणाने पाळले तर एकाने केलेले दुसरा मोडतो. अॅलन आणि गटविल यांनी सांगितलेल्या पाच चुकांत हीही आहे. दुसरी अडचण आपल्यासाठी मोठी आहे. घरातल्या सगळ्यांची वाचण्याची भाषा एकच आहे, असे ही यादी गृहीत धरते. भारतात ते खरे नाही. त्याकडे आपण थोड्या वेळाने वळू. त्याआधी, सातपैकी बहुतेक निकष एका जुन्या, विजेविना चालणाऱ्या मांडणीत कसे भेटतात ते पाहू.

६. दोन तबकड्या आणि एक कुजबुज

'हात लावून पाहा' ही गोष्ट भारतात पडद्यांबरोबर आली, असा अनेकांचा समज आहे. कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तंत्रवैज्ञानिक संग्रहालय १९५९मध्ये सुरू झाले. त्यानंतर १९६०च्या दशकात बंगळुरूचे विश्वेश्वरय्या संग्रहालय आले. १९७८मध्ये राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली आणि तिच्या केंद्रांचे जाळे देशभर पसरले. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्राची इमारत १९८५मध्ये खुली झाली. पण तिथले विज्ञान उद्यान त्याआधीच, १९७९मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात सुरू झाले होते. उघड्या आकाशाखाली, झाडांच्या सावलीत, मुलांनी ढकलावे, ओढावे, चढावे अशी उपकरणे तिथे मांडली होती.

अशा उद्यानांत हमखास दिसणारी एक मांडणी म्हणजे कुजबुज करणाऱ्या तबकड्या. दोन मोठ्या वाटीसारख्या तबकड्या एकमेकींकडे तोंड करून, बऱ्याच अंतरावर उभ्या केलेल्या असतात. प्रत्येकीपुढे एक कडे असते. एकाने आपल्या कड्याजवळ तोंड नेऊन हळूच बोलायचे आणि दुसऱ्याने दूरच्या कड्याजवळ कान लावायचा. तबकडीचा आकार पॅराबोलाचा असल्यामुळे नाभीपाशी निघालेला आवाज तिच्यावर आदळून समांतर जातो. समोरची तबकडी तो पुन्हा आपल्या नाभीपाशी गोळा करते. मधून चालणाऱ्यांना काही कळत नाही, आणि तिकडच्या माणसाला कानाशी बोलल्यासारखे स्पष्ट ऐकू येते.

ही मांडणी एकट्याने चालवताच येत नाही. तिचा गाभा तोच आहे. दुसरा माणूस बघ्या नसून यंत्राचा अर्धा भाग आहे. आजीला वाकावे लागले तरी तिला काम आहे. कोणती भाषा बोलायची हे कुटुंब ठरवते, यंत्र ठरवत नाही. बोलायचे काय, तेही. पहिल्यांदा 'हॅलो' होते, मग चिडवाचिडवी, आणि मग कोणीतरी विचारते की कड्यापासून तोंड लांब नेले तर ऐकू येते का. तो पहिला प्रयोग. बिघडलीच तर तबकडी गावातला वेल्डर दुरुस्त करतो.

याचा अर्थ जुने ते सोने असा घेऊ नका. याच संग्रहालयांतल्या बंद दालनांत बटनांच्या रांगाही आहेत : बटन दाबले, दिवा लागला, चाक फिरले, संपले. शाळेच्या सहलीतली मुले धावत जाऊन एकामागून एक बटने दाबतात आणि काय फिरले ते न पाहताच पुढे जातात. बटन आणि टचस्क्रीन यांची कुळी एकच. दोन्हींत हाताला काम मिळते, डोक्याला मिळेलच असे नाही. म्हणून 'यांत्रिक की डिजिटल' ही विभागणी आपल्या कामाची नाही. दुसऱ्या माणसाला खरे काम दिले आहे की नाही, ही विभागणी कामाची आहे.

७. समजावून कोण सांगते? आणि कोणाला?

समजा मांडणीने घरातल्या सगळ्यांना बोलते केले. तरी एक प्रश्न उरतो, आणि तो आराखड्याच्या कागदावर सहसा दिसत नाही.

केव्हिन क्राउली आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या बालसंग्रहालयात संवादी मांडण्या वापरणाऱ्या कुटुंबांचे चित्रण केले. त्यांचा निष्कर्ष २००१मध्ये प्रसिद्ध झाला. उपकरण कसे वापरायचे, हे पालक मुलांना आणि मुलींना सारखेच सांगत होते. पण असे का घडते, याचे स्पष्टीकरण देण्याची शक्यता मुलग्यांच्या बाबतीत मुलींपेक्षा तिप्पट होती. आणि ही लहान मुले होती. पालकांनी हे ठरवून केले असे कोणी म्हणणार नाही. पण हात दोघांचे चालले आणि 'का' मात्र एकालाच मिळाला. उत्तम चालणारी, गर्दी खेचणारी मांडणी घरातला भेदभाव जसाच्या तसा पुढे चालवू शकते, हे या अभ्यासाने दाखवले.

आपल्याकडे याला भाषेची जोड मिळते. केंद्रांतले फलक बहुधा इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत असतात. पडद्यांवरचा मजकूर मात्र पुष्कळदा फक्त इंग्रजीत किंवा इंग्रजी-हिंदीत असतो, कारण तीन लिपींसाठी आज्ञावली तयार करणे आणि नंतर ती दुरुस्त करत राहणे खर्चिक पडते. आता इंदूर, बडोदे किंवा बंगळुरूमध्ये राहणारे एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. मुलगा इंग्रजी शाळेत जातो, वडील कामापुरते इंग्रजी वाचतात, आई हिंदी वाचते, आजी मराठीखेरीज काही वाचत नाही. पडदा इंग्रजीत बोलू लागला की त्या घरातला जाणकार ठरतो तो दहा वर्षांचा मुलगा. एरवी ज्या आजीला जात्याचा खुंटा कसा ठोकायचा, धान्य कशात टिकते, विहिरीचा रहाट कसा चालतो हे माहीत आहे, ती त्या दालनात अडाणी ठरते. लोकजीवनाच्या दालनात मांडलेल्या वस्तू तिच्या आयुष्यातल्या असतात. त्यांच्याबद्दल बोलण्याचा अधिकार मात्र पडद्यामुळे तिच्याकडून निघून जातो.

हे नुकसान तिकिटांच्या आकड्यांत दिसत नाही. पण कुटुंबांसाठी संग्रहालय उघडायचे, याचा काही अर्थ असेल तर तो इथे आहे. मांडणीने 'ही वस्तू तुमच्या घरात कोणी वापरली होती का? त्यांना विचारा,' एवढे एक वाक्य चार भाषांत, मोठ्या अक्षरांत लिहिले तर आजीला बोलायला जागा मिळते. त्याला पडदा लागत नाही. आणि पडदा असेलच तर आजीचे उत्तर तिच्या आवाजात नोंदवून पुढच्या कुटुंबाला ऐकवता येईल. हे काम मात्र छापील फलक करू शकत नाही. तंत्रज्ञानाची खरी जागा अशी शोधावी लागते.

८. एका कार्डावरचा खेळ

शेवटचे उदाहरण पुन्हा एक्सप्लोरेटोरियमचे. फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९मध्ये स्थापन केलेली ही संस्था हाताने करून पाहण्याच्या मांडण्यांसाठी जगभर ओळखली जाते. गटविल आणि अॅलन यांनी तिथे यंत्रे न बदलता कुटुंबांच्या वागण्यातच एक छोटी रचना घालून पाहिली. तिचे नाव मराठीत 'रसाळ प्रश्न' असे ठेवता येईल. आधी सगळ्यांनी उपकरण हाताळायचे. मग हात थांबवून प्रत्येकाने एक प्रश्न मांडायचा. त्यातून असा एक प्रश्न निवडायचा, ज्याचे उत्तर आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही पण याच उपकरणावर शोधता येईल. मग तो शोध सगळ्यांनी मिळून करायचा आणि शेवटी काय सापडले ते एकमेकांना सांगायचे. हा खेळ शिकलेली कुटुंबे नंतर मदतनीस नसतानाही, नव्या उपकरणावर अधिक चांगला शोध घेताना दिसली.

या खेळात 'कोणालाच माहीत नाही' ही अट फार मोलाची आहे. ती वडिलांना शिक्षक होऊ देत नाही आणि इंग्रजी वाचणाऱ्या मुलालाही पंडित होऊ देत नाही. प्रत्येकाने प्रश्न मांडायचा असल्याने गप्प राहणारे माणूस बोलते होते. मागच्या भागातल्या दोन्ही दुखण्यांवर हा पूर्ण उपाय नाही, पण दिशा नक्की दाखवतो. मात्र ज्या घरात मुलीने किंवा सुनेने मोठ्यांसमोर प्रश्न विचारण्याची सवय नाही, तिथे एका कार्डाने ती लगेच लागेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून आपल्याकडे अशा खेळाला दालनातल्या मार्गदर्शकाची जोड द्यावी लागेल. संग्रहालयांच्या अंदाजपत्रकात यंत्रासाठी पैसे एकदाच मागता येतात आणि माणसाचा पगार दरमहा द्यावा लागतो, म्हणून सहसा यंत्र निवडले जाते. त्या यंत्राच्या देखभालीचा खर्च मात्र तेव्हा कोणी मांडत नाही.

९. समारोप

तुमच्यापैकी काही जण उद्या संग्रहालयांत, आराखडे करणाऱ्या कंपन्यांत किंवा सांस्कृतिक खात्यांत काम कराल. 'कुटुंबांसाठी काहीतरी संवादी करा' असे एका ओळीचे पत्र तुमच्या टेबलावर येईल. तेव्हा यंत्रांची सूचिपत्रे उघडण्याआधी मांडणीपुढे उभ्या असलेल्या पाच माणसांची एक यादी करा आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याला तिथे काय काम आहे ते लिहा. ज्याच्या नावापुढची जागा रिकामी राहील, तो पुढच्या सुटीत 'तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबते' असे म्हणेल. आणि घरातले एक माणूस असे म्हणू लागले की संग्रहालयाकडे येणारे कुटुंब उरत नाही. तिथे येते ते फक्त मूल आणि त्याला सोडायला आलेले कोणीतरी.

स्वाध्याय

१. तुमच्या जवळच्या संग्रहालयातल्या किंवा विज्ञान केंद्रातल्या एका मांडणीसमोर तासभर थांबून नोंदी करा : किती कुटुंबे थांबली, कोणी हात लावला, कोणी बोलले, कोण गप्प राहिले. नावे किंवा फोटो घेऊ नका.

२. भाग ५मधील सात निकष त्या मांडणीला लावा. तुमच्या गावाच्या भाषिक परिस्थितीसाठी आठवा निकष तुम्ही कोणता जोडाल? कारणे द्या.

३. क्लीव्हलंडमधील मुद्रेची मांडणी यंत्राशिवाय, फक्त एक आरसा आणि एक फलक वापरून करता येईल का? काय गमवाल, काय मिळवाल?

४. लोकजीवनाच्या दालनातली एक वस्तू निवडा. घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीला बोलते करील असा, जास्तीत जास्त वीस शब्दांचा फलक तुमच्या मातृभाषेत लिहा.